‘काका, पाण्यात समोरून कोण येणार?’

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र सागरी मंडळ
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी

विषय : दारू पिऊन होडी, स्पीडबोट, घोडागाडी, बैलगाडी, सायकल इत्यादी हाकणे, आणि त्यातलं काय तपासावं व काय सोडून द्यावं.

महोदय,

स.न.वि.वि.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय. वेगवेगळं लिहिलं की प्रत्येकाकडून एकच ओळ येते, ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’. तीन पत्रांचा टपालखर्च वाचवला एवढंच समजा.

मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो. आता दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावात राहतो, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. दारूला शिवलेलो नाही असं म्हणणार नाही, पण स्टिअरिंग हातात असताना कधी नाही. ही काही माझी थोरवी नव्हे. डेपोत सकाळी गाडी काढायच्या आधी वाहतूक नियंत्रक लॉगशीट द्यायला म्हणून अगदी जवळ यायचा आणि उगाच विचारायचा, ‘काय, जेवण झालं का रात्री नीट?’ उत्तर त्याला नकोच असायचं, त्याला आमचा श्वास हवा असायचा. फुंकायचं मशीन आमच्या डेपोत फार उशिरा आलं, त्याचं नाक मात्र पहिल्यापासून होतं.

खरी परीक्षा मुक्कामी गाडीची. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन खाडीकाठच्या गावात जायचं, रात्र तिथेच काढायची आणि पहाटे पावणेसहाला गाडी सोडायची. गावकरी प्रेमळ. कोणी मासे आणून द्यायचं, कोणी माडी. सकाळी उतरवलेली माडी गोड असते, संध्याकाळपर्यंत ती चांगली आंबून चढणारी झालेली असते. ‘चालक, एवढीशी घ्या, झोप लागेल.’ झोप लागते हे खरं, पण झोपेत दारू उतरते हे फार थोडं खरं. हिशेब साधा आहे. ६५ किलोच्या माणसाने रात्री अकराला एक क्वार्टर, म्हणजे व्हिस्की-रमची १८० मिलिलिटरची बाटली, संपवली, तर त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम अल्कोहोल येतं. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम काढतं. ते आंघोळीने, लिंबाने, काळ्या चहाने वाढत नाही. पावणेसहाला तो माणूस ताजातवाना दिसेल, दाढी करून, कपाळाला गंध लावून येईल, आणि तरीही कायद्याने ठरवलेल्या ३० मिलिग्रॅमच्या वर असू शकेल. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आता पत्राचं कारण.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत पुण्याहून माझी भाची, जावई आणि त्यांच्या दोन मुली आल्या होत्या. मुलींना बनाना बोटीत बसायचं होतं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : केळ्याच्या आकाराचा हवेचा लांब फुगा, त्यावर पाच-सहा जण घोड्यावर बसल्यासारखे बसतात, आणि पुढून दोरीने स्पीडबोट ओढते. किनारा कुठला ते लिहीत नाही. स्पीडबोट चालवणाऱ्या पोराची आई आमच्याकडे सुटीच्या दिवसांत भाकऱ्या करायला येते, आणि हे पत्र त्या पोराबद्दल नाही.

चारचा सुमार होता. पोराजवळ गेलो तर वास आला. वाहतूक नियंत्रकाचं नाक मलाही इतक्या वर्षांत लागलंच होतं. म्हटलं, ‘अरे, घेतली आहेस तू.’ तो हसला आणि म्हणाला, ‘दुपारी थोडी. काका, पाण्यात समोरून कोण येणार?’

मला उत्तर सुचलं नाही. मुली लाइफ जॅकेट घालून केळ्यावर चढल्या होत्या, जावई मोबाइल घेऊन उभा होता. मी गप्प बसलो. रागावायचं असेल तर आधी माझ्यावर रागवा.

त्याने दोन फेऱ्या मारून केळं उलटवलं. ते तर उलटवतातच, त्याचेच पैसे असतात. पण उलटल्यावर दोरी सैल पडलेली त्याला उशिरा कळली. तो तसाच पुढे गेला, मग वळला, आणि वळून आला तो नको तितक्या वेगाने. थोरली मुलगी तरंगत होती, बोटीची कड तिच्या हातावर बसली. मनगटाच्या वर हाड मोडलं. आता बरी आहे, हातात सळई नाही, देवाची कृपा. पण बोटीखाली पंखा फिरत असतो, आणि हाताऐवजी डोकं असतं तर मी हे पत्र असं शांतपणे लिहिलं नसतं.

पोलिसांकडे गेलो. हवालदार सज्जन, माणूसही ओळखीचा. त्याच्याकडे फुंकायचं मशीन होतं, चालू होतं. तो म्हणाला, ‘काका, हे लावतो मी, पण उद्या कोर्टात वकील विचारेल, मोटार वाहन कुठे आहे? मग काय सांगू?’

त्याचं चूक नव्हतं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, कलम १८५. दारू पिऊन वाहन चालवलं, किंवा चालवायचा प्रयत्न केला, आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने हे आकडे वाढले. त्यात नशा किती आणि हाकण्यात चूक काय झाली हे सिद्ध करावं लागत नाही. आकडा आला की गुन्हा झाला. म्हणूनच ते कलम चालतं. आणि कलम २०३ खाली गणवेशातला पोलीस ‘फुंक मार’ म्हणू शकतो.

पण हे सगळं ‘मोटार वाहना’साठी. आणि मोटार वाहन म्हणजे काय, तर यंत्राने चालणारं आणि रस्त्यावर वापरण्याजोगं केलेलं वाहन. रुळावरचं नाही. फक्त कारखान्याच्या आवारात चालणारं नाही. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर तेही नाही. विजेवरच्या गाड्यांतही २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी गाडी यातून सुटते. स्पीडबोटीला माझ्या जुन्या बसला हेवा वाटेल असं इंजिन आहे, पण ती रस्त्यावर येत नाही. घोडागाडी रस्त्यावर येते, पण तिला इंजिन नाही. आमच्या पुळणीवर चार जाड टायरांच्या उघड्या मोटारसायकली भाड्याने फिरवतात, त्यांचे मालक पासिंगचं विचारलं की म्हणतात, ‘ही रस्त्याची गाडीच नाही.’ आणि अपघात झाला की तेच मालक म्हणतात, ‘गाडी आहे हो, पोराने जोरात चालवली.’

मला माहीत आहे, तुमच्यापैकी कोणीतरी आता म्हणेल की दुसरी कलमं आहेत. आहेत. मी वाचली आहेत, एक वकील शेजारी राहतात. भारतीय न्याय संहितेत कलम २८१ आहे, सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन बेदरकारपणे हाकणं. यात बैलगाडी, सायकल, घोडा, सगळं येतं. कलम २८२ जलयानासाठी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. होडी धोकादायक असताना किंवा जास्त माणसं भरून भाड्याने नेली तर कलम २८४. कागदावर काही कमी नाही. पण ‘बेदरकारपणा’ सिद्ध करायचा कसा? रस्त्यावर गाडी उलटली तर चूक उघड दिसते. बनाना बोट उलटवणं हाच तर त्या खेळाचा धंदा आहे. पोरगा म्हणणार, ‘साहेब, मी नेहमीसारखीच उलटवली.’ आणि तो खरंच बोलतोय. पॅरासेलिंगमध्ये, म्हणजे बोटीच्या दोरीला बांधून माणसाला छत्रीने हवेत चढवतात त्यात, दोरी सोडायला दोन सेकंद उशीर झाला तर तो बेदरकारपणा की वाऱ्याचा दोष? जिथे धोका हाच माल म्हणून विकला जातो तिथे हाकण्यावरून माणूस पकडता येत नाही, रक्तावरूनच पकडावा लागतो. रक्ताचा आकडा सांगणारं कलम मात्र रस्त्यापाशी थांबतं.

आणखी एक वाट आहे, ती हवालदारानेच काढली. १९४९ चा दारूबंदी कायदा. परवाना नसताना प्यायलास म्हणून कलम ६६, आणि संशय आला तर कलम १२९-अ खाली वैद्यकीय तपासणीला पाठवता येतं. तसं त्याने पाठवलं. सुटीचा दिवस, गाडी मिळायला वेळ, डॉक्टर बाळंतपणात अडकलेले. चारच्या घटनेचं रक्त नऊला काढलं. अहवाल दोन महिन्यांनी आला, त्यात २६ मिलिग्रॅम. आता वरचा हिशेब घ्या. तासाला १५ प्रमाणे पाच तासांत ७५ उतरले. म्हणजे मुली केळ्यावर बसल्या तेव्हा तो शंभराच्या आसपास होता, रस्त्यावरच्या मर्यादेच्या तिप्पट. पण हा झाला निवृत्त ड्रायव्हरचा हिशेब. दारूबंदी कायद्यात माणसाने दारू घेतली होती असं गृहीत धरायला ०.०५ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम लागतात. २६ म्हटल्यावर प्रकरण तिथेच बसलं. शिवाय तो कायदा विचारतो परवाना होता का. बोटीत कोणाची मुलं होती हे तो विचारत नाही. पोराकडे पिण्याचा परवाना असता तर त्याला एवढाही त्रास झाला नसता.

आता जरा उलट्या बाजूने. कारण हे पत्र वाचून कोणी ‘कलम १८५ सगळ्यांना लावा, सायकललाही लावा’ असा प्रस्ताव तयार केला तर माझ्याच गावातले लोक मला वाळीत टाकतील, आणि योग्य करतील.

माझे आजोबा दापोलीच्या बाजाराला बैलगाडीने जायचे. येताना माडी पिऊन गाडीतच झोपायचे. बैल घरी आणायचे, आजी दिवा घेऊन दारात उभी असायची. बैलांना घर माहीत असतं, यावर आमच्या घराचा वेदवाक्यासारखा विश्वास. पुढे म्हातारी जोडी गेली आणि आजोबांनी पालगडच्या बाजूला एका शेतकऱ्याकडून नवी जोडी घेतली. पहिल्याच बाजाराच्या रात्री आजोबा झोपले आणि बैलांनी त्यांना इमानदारीने घरी नेलं, फक्त स्वतःच्या घरी. मध्यरात्री पालगडच्या गोठ्यासमोर गाडी उभी राहिली. जुन्या मालकाने बैलांना गवत घातलं, आजोबांना ओसरीवर घोंगडं दिलं, आणि सकाळी चहा देऊन परत पाठवलं. पुढे दोन्ही घरांत सोयरीकही झाली. यातला गुन्हेगार मला अजून सापडलेला नाही. बैल शुद्धीवर होते, डाव्या बाजूने चालले होते आणि त्यांच्या वेगाने कोणाला खरचटलंही नसतं.

मी स्वतः निवृत्तीनंतर पुतण्याच्या लग्नात घेतली आणि रात्री सायकलने घरी निघालो. साकवावर, म्हणजे लहान पुलावर, न जाता सरळ खालच्या व्हाळात, ओढ्यात गेलो. गुडघा फुटला, चष्मा अजून तिथेच असेल. दुसऱ्या दिवशी बायको जे बोलली ते कुठल्याही दंड संहितेत नाही. दारुड्याने सायकल हातात धरून, तिच्याच आधाराने लडखडत घरी जाणं हे त्याने मोटारसायकलला किक मारण्यापेक्षा हजारपट बरं. त्याला पकडलंत तर तो पुढच्या वेळी मोटारसायकलच काढेल. रस्त्यावर धिंगाणा घालत असेल तर त्यासाठी वेगळं कलम आहेच. इंग्रजांच्या दंड विधानात ते ५१० होतं, २४ तास कैद किंवा १० रुपये दंड. आता संहितेत ते ३५५ झालंय, दंड १००० पर्यंत, किंवा समाजसेवा. समाजसेवा मला आवडली. आमच्याकडची पुळण झाडायला माणसं लागतात.

जगात यावर एकमत नाही. जपानने १ नोव्हेंबर २०२४ पासून दारू पिऊन सायकल चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवलाय. जर्मनीत सायकलवाल्याला रक्तात १.६ प्रतिहजारपर्यंत बऱ्यापैकी मोकळीक आहे, म्हणजे आपल्या मोटारवाल्याच्या मर्यादेच्या पाचपटीहून जास्त. आपल्याकडे ती मर्यादा गाठलेला माणूस सायकलवर चढूच शकणार नाही, पण ते असो. इंग्लंडने १८७२ मध्येच लिहून ठेवलं होतं की रस्त्यावर दारूच्या नशेत गाडी, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन ताब्यात ठेवणं गुन्हा. गुरंसुद्धा! त्या कायद्याखाली माझे आजोबा गेले असते आत. आणि दारू पिऊन मोटार चालवली म्हणून शिक्षा झालेला पहिला माणूस लंडनचा, १८९७ सालचा. तो कसली गाडी चालवत होता? विजेवरची टॅक्सी. तेव्हा ती आपल्या आजच्या जेट स्कीइतकीच नवलाईची होती. पण तिच्यासाठी नवा कायदा होईपर्यंत कोणी थांबलं नाही.

आपल्याच कोकणातल्या गमती बघा. कोलाडला मालट्रक कोकण रेल्वेच्या वाघिणीवर चढतो, १९९९ पासून ही सोय आहे. चालक केबिनमध्येच बसून गोव्यात वेर्ण्याला जातो. वाटेत त्याने बाटली उघडली तर? तो ट्रकमध्ये आहे, पण ट्रक चालवत नाही. त्याला रेल्वे कायद्याचं कलम १४५ लागू, नशेत सापडलेल्या प्रवाशाला जे लागतं तेच. खरी भीती वेर्ण्याची, जिथे चाकं उतारावर टेकतात आणि हा प्रवासी पुन्हा चालक होतो. तसंच आमच्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं. वाशिष्ठीच्या मुखावर गाडीत बसून पलीकडे जातो तेव्हा मोटारवाला प्रवासी असतो. पण चढताना उतारावर शेवाळ असतं, ओहोटीला तर फारच, आणि तिथे मागे माणसं उभी असतात. त्या चाळीस फुटांवर कलम १८५ पुरेपूर लागू आहे. तिथे कोणी फुंक तपासताना मी पाहिलं नाही. आमच्याकडची तपासणी हायवेला असते, ३१ डिसेंबरला, मध्यरात्री. संध्याकाळी पाचला पुळणीवर मोठ्या गाड्या घालून वाळूत गोल गोल फिरवणारी पोरं असतात, भरती चढली की त्याच गाड्या अर्ध्या पाण्यात बुडतात आणि मग गावचा ट्रॅक्टर लागतो. ती मोटार वाहनंच आहेत, ती जागाही सार्वजनिक आहे, तिथे नव्या कायद्याची गरजच नाही. फक्त बंदोबस्ताची वेळ आणि जागा चुकली आहे.

मग मागणं काय? माझं मागणं वाहनावरून नाही. इंजिन आहे का, चाकं किती, पाण्यात की जमिनीवर, हे सगळं तुमच्या कारकुनांसाठी ठीक. मी बसमध्ये एकच गोष्ट मोजायला शिकलो : मागे माणसं किती बसली आहेत. ज्याच्या मागे पैसे देऊन माणूस बसलंय, आणि ज्याच्या हातात दोरी, लगाम, सुकाणू किंवा क्लच आहे, त्याच्या रक्तात शून्य. ३० सुद्धा नको. चिपी विमानतळावरून उडणाऱ्या वैमानिकाला शून्य चालतं ना? त्याला तर उड्डाणाच्या बारा तास आधीपासून मनाई असते. मग दोरीला बांधून माणूस आकाशात चढवणाऱ्याला वेगळा न्याय कशाला? आणि एकटा माणूस, आपली सायकल, आपली बैलगाडी, आपली वल्ह्याची होडी घेऊन घरी जात असेल तर त्याला सोडा. फार तर हवालदाराने सोबत चालावं.

यासाठी दिल्लीला जायची गरज नाही, हे मला वकिलांनी पटवून दिलं. जलक्रीडेला परवाना लागतो. परवान्याला अटी असतात : लाइफ जॅकेट, विमा, जीवरक्षक. त्यात एक अट वाढवा की बोट चालवताना चालकाच्या रक्तात अल्कोहोल शून्य, आणि मागितली तर फुंक द्यायची, नाकारली तर परवाना निलंबित. परवान्याची अट मोडली की बेदरकारपणा सिद्ध करत बसावं लागत नाही. गुन्हा नाही, कैद नाही, कोणाच्या पोराच्या कपाळावर डाग नाही. हंगाम बुडतो एवढंच, आणि हंगाम बुडण्याची भीती आमच्याकडे कैदेपेक्षा मोठी आहे. घोडागाड्यांना आणि उंटांना, पुळणीवरच्या त्या चार टायरवाल्यांना, जो कोणी जागा वापरायची परवानगी देतो त्यानेच तीच ओळ टाकावी. जिल्हाधिकारी साहेब, ती ओळ तुमच्या सहीने सगळीकडे एकसारखी जावी अशी माझी विनंती आहे, नाहीतर एका किनाऱ्यावर शून्य आणि खाडीपलीकडे काहीही चालतं असं होईल, आणि पर्यटक पलीकडे जातील.

मशीन कोण धरणार, हे तिघांनी मिळून ठरवा. माझं मत विचाराल तर पोलीस नको. जेटीवर तिकीट फाडणारा माणूस असतोच, त्याला शिकवा. रोज सगळ्यांची नाही, कोणाचीही, कधीही. आमचा वाहतूक नियंत्रक रोज सगळ्यांना हुंगत नव्हता. कधी हुंगेल ते कळायचं नाही, म्हणून आम्ही सगळे सरळ होतो.

‘पूर्वी असं नव्हतं’ असं म्हणण्याचा मोह मलाही होतो. पूर्वी खाडीवर ‘तर’ असायची, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, वल्ह्याची, तरवाला गावचाच, बसणारे गावचेच. असं वाटतं की तो आपल्याच माणसांना बुडवायला धजायचा नाही. खोटं आहे हे. आमचा तरवाला चांगला पिणारा होता. फरक एवढाच की बसणाऱ्यांना ते ठाऊक असायचं. ज्या दिवशी त्याचे डोळे लाल, त्या दिवशी कोणीतरी जाणता माणूस वल्हं हातात घ्यायचा आणि तो मागे बसून गाणी म्हणायचा. पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीला त्या पोराचे डोळे कसे कळावेत? ती पाचशे रुपये देते आणि विश्वास ठेवते. तिला ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक होतं तो मी गप्प बसलो.

होडीधंद्यातल्या पोरांनो, तुम्हालाही हे पत्र वाचायला मिळेल, गावात असं काही लपत नाही. तुमच्यातले बहुतेक पीत नाहीत, हे मला माहीत आहे. ज्यांना रात्रीची सवय आहे त्यांच्यासाठी तो हिशेब पुन्हा : दोन क्वार्टर मारून एकला झोपलेला माणूस सकाळी साडेनऊलासुद्धा शंभराच्या वर असतो. स्वतःला तो ठणठणीत वाटतो.

भाकऱ्या करणाऱ्या बाईंचा तो पोरगा याही हंगामात तीच बोट चालवतोय. मध्ये भेटला तेव्हा मुलीच्या हाताची चौकशी केली, बरी आहे म्हटल्यावर त्याने खाली मान घातली. तो वाईट नाही. शनिवारी-रविवारी रात्री त्याच्या अंगणात मित्र जमतात, आणि पहिली फेरी साडेनऊला सुटते. मशीन घेऊन कोणाला पाठवणार असाल तर रविवारची ती वेळ बरी. चहा माझ्याकडे.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
दापोली तालुका